पाकिटातले चित्र आणि मुलांचा बाजार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, राजवंश आणि क्रांत्या उभ्या राहतात. मुलांच्या खिशात काय होते, याची नोंद कोणताही बखरकार करीत नाही. तथापि माणसाच्या आयुष्यातला पहिला सौदा, पहिला करार आणि पहिली फसवणूक बहुधा त्या खिशाच्या आसपासच घडते. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती अशीच क्षुल्लक आहे. सिगारेटच्या, चहाच्या किंवा च्युइंगगमच्या पाकिटातून निघणारे, तळहातावर मावेल एवढे चित्राचे कार्ड! मुलांनी ती जमवली, मोजली, मांडली आणि एकमेकांशी बदलली. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत युरोप-अमेरिकेतील कित्येक पिढ्या या नादात वाढल्या आणि आपल्याकडेही तो नाद पोहोचला.

या नादाविषयी वडीलधाऱ्यांची दोन मते नेहमीच राहिली आहेत. एक पक्ष म्हणतो, हे निव्वळ खूळ आहे. पैशाचा नाश आणि अभ्यासाचा खोळंबा. दुसरा म्हणतो, छे, यात केवढे ज्ञान आहे! मागच्या बाजूचा मजकूर वाचून मुलाला पक्षी ओळखता येतात, देशांचे झेंडे समजतात. आमच्या मते दोन्ही पक्ष कार्डाकडेच पाहात बसले आहेत. कार्ड हातात आल्यावर मूल त्याचे काय करते, तिकडे दोघांचेही लक्ष नाही. या कार्डांचा इतिहास आम्ही थोडक्यात मांडणार आहोत तो त्या हेतूने, की मुलाला नेमके काय मिळाले आणि ते कोठून मिळाले, याचा उलगडा व्हावा.

प्रथम ही कार्डे आली कोठून ते पाहू. बव्हेरियात अलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस शिळाछापाची कला शोधून काढली. १८३७ साली गोदफ्रॉय एंगेलमान याने फ्रान्समध्ये रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. रंगीत चित्र तोवर श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असे. ते आता हजारांच्या संख्येने निघू लागले. हीच कला आपल्याकडे आली तेव्हा पुण्यात १८७८ साली चित्रशाळा उभी राहिली आणि १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला. त्यांतून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी घरोघर भिंतींवर गेल्या. पश्चिमेकडच्या व्यापाऱ्याने त्याच कलेचा वेगळा उपयोग केला. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या मोठ्या दुकानाने आईबरोबर आलेल्या मुलांच्या हातांत रंगीत चित्रे ठेवण्यास सुरुवात केली. मूल पुढचे चित्र मागणार, म्हणजे आई पुन्हा दुकानात येणार, हा त्यातला हिशेब. मांसाचा अर्क विकणाऱ्या लीबिग कंपनीने साधारणतः सहा-सहा चित्रांचे संच काढले आणि तो क्रम जवळजवळ शंभर वर्षे चालविला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकटे चित्र ही नुसती भेट असते. चित्रावर 'सहापैकी तिसरे' असे लिहिले की ती भेट राहात नाही, ती उणीव होते. मुलाला जे मिळाले त्यापेक्षा जे मिळाले नाही ते अधिक दिसू लागते. या एका युक्तीवर पुढचा सारा व्यापार उभा राहिला.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे सिगारेटी मऊ कागदाच्या पुडक्यातून विकल्या जात आणि त्या मोडू नयेत म्हणून पुडक्यात जाड कागदाची एक पट्टी घालीत. व्हर्जिनियातील रिचमंड शहराच्या ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८० नंतरच्या दशकात त्या कोऱ्या पट्टीवर चित्रे छापली: खेळाडू, पक्षी, झेंडे, रेड इंडियन सरदार. त्याच सुमारास जेम्स बॉन्सॅक या तरुणाने सिगारेटी वळण्याचे यंत्र काढले. त्याचे पेटंट १८८१ चे. कुशल कामगार दिवसभरात सुमारे तीन हजार सिगारेटी वळत असे. हे यंत्र एका दिवसात लाखावर सिगारेटी काढू लागले. माल अफाट झाला आणि गिऱ्हाईक मात्र तेवढेच! मग गिऱ्हाईक ओढण्यासाठी चित्रांची चढाओढ लागली. जेम्स ड्यूक या तंबाखूवाल्याने या चढाओढीत नट्यांची छायाचित्रेही पाकिटांत घातली. ती सभ्य नव्हेत म्हणून १८९४ साली खुद्द त्याच्या वडिलांनीच, वॉशिंग्टन ड्यूक यांनी, मुलाला पत्र लिहून हरकत घेतली होती. म्हणजे कार्डांबद्दल वडिलांची तक्रार ही काही आजची नव्हे.

याच ड्यूकने १८९० साली पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' स्थापिली. प्रतिस्पर्धी उरले नाहीत, तशी पाकिटांतली चित्रेही रोडावली. पुढे सरकारने मक्तेदारीविरुद्ध खटला भरला, बाजारात पुन्हा हालचाल सुरू झाली आणि १९०९ ते १९११ या काळात बेसबॉल खेळाडूंची चित्रे पुन्हा भरभरून निघाली. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात स्पर्धा आणि मक्तेदारी यांवर पानेच्या पाने असतात. सिगारेट न ओढणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला तोच सिद्धान्त असा कळला, की अमुक वर्षापासून पाकिटात चित्र येईनासे झाले!

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने आणि नॉटिंगहॅमच्या प्लेयर कंपनीने १८९० नंतर ही प्रथा उचलली. विल्सने १८९५ साली जहाजे आणि खलाशी यांचा संच काढला, १८९६ साली क्रिकेटपटूंचा. आपले रणजितसिंहजीही त्या काळच्या अशा चित्रांतून इंग्रज पोरांच्या हातांत गेले. संच बहुधा २५ किंवा ५० चित्रांचा असे. पुढच्या बाजूस चित्र आणि मागे दहा-बारा ओळींचा मजकूर. गरिबाच्या घरात ज्ञानकोश नसे. पण बाप सिगारेट ओढणारा असला तर त्या घरात किल्ले, फुलपाखरे, विमाने आणि गलबते येत. ज्यांचा बाप ओढणारा नसे ती मुले दुकानाच्या दाराशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सद्गृहस्थांपाशी कार्ड मागत. या कार्डांचे खरे गिऱ्हाईक प्रौढ आणि खरे मालक मुले, अशी ही मौजेची विभागणी होती.

आता थोडे गणित करू. श्रोत्यांनी कंटाळू नये. पन्नास चित्रांचा संच आहे, सर्व चित्रे सारख्याच संख्येने छापली आहेत आणि प्रत्येक पाकिटात एक चित्र आहे, असे धरा. एकट्या मुलाने, कोणाशीही देवघेव न करता, संच पुरा करायचा म्हटले तर किती पाकिटे लागतील? सरासरीने सुमारे २२५! त्यातही गंमत अशी की पहिली पंचवीस चित्रे ३४-३५ पाकिटांतच हाती येतात. अखेरची पाच चित्रे मात्र ११४ पाकिटे खातात, आणि अगदी शेवटच्या एका चित्रासाठी सरासरीने पन्नास पाकिटे फोडावी लागतात. पाकिटात दहा सिगारेटी धरल्या तर एका संचापायी सव्वादोन हजार सिगारेटींचा धूर झाला! तेवढे होईतो मुलापाशी एकाच चित्राच्या चार-चार, पाच-पाच प्रती जमलेल्या असतात. आपल्याकडची मुले अशा चित्राला 'डबल' म्हणतात.

ही डबल चित्रे हाच सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. माझ्यापाशी असलेले दुसरे चित्र मला कवडीमोल आहे, पण शेजारच्या मुलाला तेच हवे आहे. त्याचे डबल मला हवे आहे. दोघांनी बदलले की दोघेही आधीपेक्षा श्रीमंत होतात आणि कोणाचेच काही जात नाही. वस्तूची किंमत वस्तूत बसलेली नसते, ती कोणाला तिची किती गरज आहे यावर ठरते, हे तत्त्व महाविद्यालयात तास-तासभर समजावून सांगावे लागते. मधल्या सुट्टीत ते पाच मिनिटांत उमगते. शिवाय दहा मुलांनी मिळून देवघेव चालविली तर दर मुलामागे लागणारी पाकिटे झपाट्याने कमी होतात. गट जितका मोठा आणि देवघेव जितकी सचोटीची, तितका तो आकडा २२५ वरून ५० कडे उतरत जातो. म्हणजे व्यापाऱ्याने उणीव निर्माण केली ती जास्त पाकिटे खपावी म्हणून. मुलांनी ती उणीव भरून काढली ती पाकिटांवाचून, मैत्रीने. आमच्या मते चित्रकार्डांच्या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट हीच. कारखानदाराने जे शिकवायचे ठरविले नव्हते तेच मुले शिकली.

इटलीतले उदाहरण पाहा. मोदेना शहरात पानिनी बंधूंनी १९६१ साली फुटबॉल खेळाडूंच्या चित्रांचा अल्बम काढला. पुढे १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून त्यांचे अल्बम देशोदेशी गेले. चित्रे नीट मिसळावीत आणि एकाच पाकिटात एकच चित्र दोनदा पडू नये, म्हणून उम्बेर्तो पानिनी या भावाने खास यंत्र बनविले. त्या अल्बमांनी इटालियन मुलांच्या तोंडी एक पालुपद दिले: 'चेलो, चेलो, मांका', म्हणजे 'आहे, आहे, नाही'. समोरचा मुलगा आपली गड्डी भराभर चाळतो आणि हा प्रत्येक चित्रावर निवाडा देत जातो. सातशे चित्रांतून आपल्यापाशी कोणते नाही हे त्या मुलाला पाठ असते! एरवी पाढे पाठ होत नाहीत म्हणून ज्याचा कान धरला जातो, तोच हा मुलगा. स्मरणशक्ती आवडीच्या मागे चालते, हे शिक्षणशास्त्राचे जुने सूत्र येथे डोळ्यांनी दिसते.

देवघेवीला नियम लागतात. एक दुर्मीळ चित्र किती साध्या चित्रांबरोबर बदलायचे? एकदा बदललेले परत मागता येते का? कोपरा दुमडलेला असेल तर? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कारखान्याने छापून दिली नाहीत. ती मुलांनी आपापसात ठरविली, मोडली आणि पुन्हा ठरविली. मोठ्या मुलाने लहानाला फसविले की चार जण मध्ये पडले. फसविणाऱ्याशी पुढे कोणी व्यवहार केला नाही. पत म्हणजे काय, हे असे कळते. ज्याच्या शब्दावर विश्वास नाही त्याच्यापाशी कितीही चांगली चित्रे असली तरी त्याचा संच पुरा होत नाही. आम्ही या बाजाराचे उगाच गोडवे गात नाही. त्यात हाव आहे, मत्सर आहे, दांडगाई आहे, आणि कधी रडारडही आहे. पण ज्या वयात नुकसान एका कागदाच्या कपट्याएवढेच असते, त्या वयात फसून घेतलेला धडा पुढे घरदार वाचवितो.

एवढे सांगितल्यावर या कार्डांची काळी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संच म्हणजे यादी. आणि यादी कोण करतो, हा प्रश्न मुलाला सहसा पडत नाही. विल्स आणि प्लेयर यांच्या संचांत राज्याभिषेक होते, पलटणी होत्या, साम्राज्याचे झेंडे होते. इंग्रज मुलाने ते जमविता जमविता जगाच्या नकाशावरचा तांबडा रंग हा निसर्गाचाच रंग मानला. १९१५ साली वॉटर्लूच्या लढाईला शंभर वर्षे होत होती. विल्सने त्या लढाईवर संच तयार केला होता. पण तोवर महायुद्ध सुरू झाले होते आणि वॉटर्लूवर ज्यांचा पराभव झाला ते फ्रेंच आता इंग्रजांचे दोस्त होते. संच बाजारात आलाच नाही! त्याच युद्धात थोर संगीतकारांच्या एका संचातून आठ जर्मन नावे गाळून त्यांच्या जागी दुसरी घातली गेली. इतिहास गाळला कसा जातो, याचा इतका छोटा आणि इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

१९३८ साली विल्सने हवाई हल्ल्यापासून बचाव कसा करावा यावर पन्नास चित्रांचा संच काढला. मुखवटा कसा घालायचा, खिडक्या कशा बंद करायच्या, हे मुले सिगारेटच्या चित्रावरून शिकली. हा उपयोग चांगला म्हणावा लागेल. पण समुद्राच्या पलीकडे जर्मनीत काय चालले होते? तेथेही सिगारेटच्या पाकिटांतून चित्रे किंवा चित्रांसाठीची कुपने मिळत आणि ती चिकटविण्यासाठी देखणे अल्बम निघत. १९३६ साली निघालेल्या अशा एका अल्बमचा विषय होता हिटलरचे जीवन. कुत्र्याला कुरवाळणारा, मुलांच्या गालावर हात ठेवणारा हिटलर घरोघर गोंदाने चिकटविला गेला. रिकामा चौकोन भरण्याची मुलाची निष्पाप हौस कोणाच्या कामी आली ते पाहा! जमविण्याची वृत्ती स्वतः चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ती पाण्यासारखी आहे. पाट काढणारा नेईल तिकडे जाते. म्हणून मुलाला संच पुरा करू द्यावा, पण त्याबरोबर एक प्रश्नही शिकवावा: या यादीत कोण नाही, आणि का नाही?

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली आणि १९४० च्या सुमारास इंग्लंडमधली सिगारेटची चित्रे बंद झाली. त्यांची जागा पुढे चहाने घेतली. ब्रुक बाँडने १९५४ साली ब्रिटिश पक्ष्यांचा संच काढला आणि चहाच्या पाकिटांतली ही चित्रे १९९९ पर्यंत चालू राहिली. अमेरिकेत ती जागा च्युइंगगमने घेतली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉल खेळाडूंचा ४०७ कार्डांचा संच काढला. मागच्या बाजूस खेळाडूची माहिती आणि त्याच्या खेळाचे आकडे. अमेरिकेतल्या कित्येक मुलांना सरासरी आणि टक्केवारी समजली ती या आकड्यांवरून. या कार्डांपायीच १९५३ साली एका न्यायालयाने महत्त्वाचा निवाडा दिला. दोन गम कंपन्या एकाच खेळाडूंच्या चित्रांवरून भांडत होत्या. माणसाच्या प्रसिद्धीला जी बाजारी किंमत येते तिच्यावर त्या माणसाचा हक्क असतो, असे त्या न्यायालयाने सांगितले. आज नटांना आणि खेळाडूंना आपल्या चेहऱ्याच्या वापराबद्दल जे संरक्षण मिळते, त्याचे एक मूळ पोरांच्या गमच्या पाकिटात आहे!

आता किमतीचा प्रश्न घेऊ, कारण हल्ली वर्तमानपत्रांत कार्डांचे नाव येते ते किमतीसाठीच. होनस वॅग्नर नावाचा बेसबॉल खेळाडू होता. १९०९ च्या तंबाखूच्या संचात त्याचे चित्र छापले जाऊ लागले; पण त्याने संमती दिली नाही आणि छपाई थांबली. मुलांनी आपल्या चित्रापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने हरकत घेतली, असे सांगतात. पैशावरून बिनसले, असेही काही म्हणतात. ते कसेही असो, थोड्याच प्रती बाहेर आल्या. २०२२ साली त्यांतील एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी १९५२ च्या संचातील मिकी मँटलचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. हे दुसरे कार्ड मुळात दुर्मीळ नव्हते. त्या संचाची मागाहून निघालेली कार्डे खपलीच नाहीत, आणि कंपनीच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, १९६० साली त्यांनी ती बार्जवर भरून समुद्रात बुडविली. राहिलेली कित्येक आयांनी घर आवरताना केरात टाकली. उरली ती अमोल झाली.

हे वाचून पुष्कळांनी उलटा धडा घेतला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोठी माणसे खोकीच्या खोकी कार्डे विकत घेऊन, न फोडता, कपाटात ठेवू लागली. पुढे सोने होईल या आशेने! कंपन्यांनी मग छपाई इतकी वाढविली की दुर्मीळ काही राहिलेच नाही. सगळेच जपून ठेवीत होते, म्हणून जपल्याची किंमत उरली नाही. आज ती बहुतेक कार्डे रद्दीच्या भावाने मिळतात. जुन्या कार्डांना मोल आले ते कोणी मोलासाठी जपले नव्हते म्हणून. मुलांनी ती सायकलच्या चाकात अडकविली, खेळली, फाडली. मुलाला हा इतिहास जरूर सांगावा. शेअरबाजारात उतरण्यापूर्वी तो कळलेला बरा.

मग जमविण्याची खरी कमाई कोणती? जेफरसन बर्डिक या माणसाची हकिगत येथे सांगितली पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज गावी तो विजेचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात कामाला होता. १९०० चा जन्म, लग्न केले नाही, आणि संधिवाताने हातपाय हळूहळू वाकत चाललेले. लहानपणापासून जमविलेली कार्डे त्याने कधी टाकली नाहीत. त्याच्या ध्यानात आले की हजारो संच निघाले, पण कोणते निघाले, कधी, किती, याची यादी कोणापाशीच नाही. १९३९ साली त्याने ती यादी छापली आणि पुढे प्रत्येक संचाला अक्षर आणि आकडा दिला. वॅग्नरच्या कार्डाचा संच आज 'टी २०६' म्हणून ओळखला जातो, तो बर्डिकच्या खुणेवरून. १९४७ पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाला द्यावयास सुरुवात केली. नुसता दिला नाही. संग्रहालयात टेबलाशी बसून, वाकड्या झालेल्या बोटांनी, एकेक चित्र वहीत चिकटविले. तीन लाखांहून अधिक चित्रे! १९६३ च्या जानेवारीत ते काम पुरे झाले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तो वारला. इंग्लंडमधील एडवर्ड व्हार्टन-टायगर यांची कथाही अशीच आहे. मोठे खाणउद्योजक, पण लहानपणी लागलेला सिगारेटच्या चित्रांचा छंद त्यांनी जन्मभर पाळला. १९९५ साली ते वारले तेव्हा सुमारे दहा लाख कार्डे ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन झाली.

केराच्या टोपलीतून उचललेला कागद कलासंग्रहालयात जातो, तो कागदाच्या गुणाने नव्हे. कोणीतरी तो ओळखला, त्याला क्रम दिला, त्याचे शेजारी शोधले. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरांतले मोडीचे कागदही एके काळी वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या स्वाधीन झालेले होतेच. जमविणे, लावणे, नोंद करणे आणि दुसऱ्याच्या हवाली करणे, या चार पायऱ्या मुलाच्या कार्डांना आहेत आणि इतिहासकाराच्या दप्तरालाही. मुलगा पहिल्या दोन पायऱ्या आपोआप चढतो. उरलेल्या दोन चढविणे हे घराचे आणि शाळेचे काम आहे.

आपल्याकडे हा नाद काडेपेट्यांच्या छापांत होता, पोस्टाच्या तिकिटांत होता. पुढे १९८०-९० च्या दशकांत बबलगमच्या वेष्टनातून क्रिकेटपटू निघू लागले आणि कुस्तीगिरांच्या उंची-वजनाची कार्डे मुले एकमेकांवर लावू लागली. ज्यांनी ती जमविली ते आज बापाच्या वयाचे आहेत. त्यांची मुले आता जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या पोकेमॉनच्या कार्डांमागे आहेत, किंवा मोबाइलवरच्या खेळात बंद पाकिटे विकत घेऊन फोडीत आहेत. येथे मात्र आम्हांस थांबून सावध करावेसे वाटते. १९९९ साली अमेरिकेत काही पालकांनी न्यायालयात तक्रार केली होती, की न पाहता घ्यायचे पाकीट आणि त्यात क्वचित सापडणारे मौल्यवान कार्ड हा जुगारच आहे. २०१८ साली बेल्जियमच्या द्यूतनियंत्रण आयोगाने काही व्हिडिओ खेळांतील पैसे देऊन उघडायची पाकिटे जुगाराच्या कायद्यात बसतात, असे ठरविले. पाकीट बंद असणे ही गोष्ट काही नवी नाही. विल्सचे पाकीटही बंदच असे. फरक असा की विल्सचे चित्र मुलाच्या हातात येई आणि डबल झाले की मित्राकडे जाई. पडद्यावरचे चित्र पुष्कळदा हातातही येत नाही आणि दुसऱ्याला देताही येत नाही. आपले २२५ पाकिटांचे गणित आठवा. देवघेवीची वाट बंद केली की ज्याच्या बापापाशी पैसा अधिक त्याचाच संच पुरा होतो. शिक्षण गेले आणि सोडत तेवढी उरली!

म्हणून आईबापांना आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. कार्डे हिसकावून घेऊ नका. वडिलांच्या हरकतीने हा नाद थांबल्याचे उदाहरण इतिहासात नाही. पण पुरा संच एकदम विकत आणूनही देऊ नका. तो आणून देणे म्हणजे कोडे आणि उत्तर एकदमच मुलाच्या हातात देणे होय. रिकामे चौकोन राहू द्या. मुलाने पाकिटांसाठी पैसे मागितले तर आधी त्याला विचारा, "तुझ्यापाशी डबल किती आहेत, आणि ते कोणाला हवे आहेत?" त्याने यादी केली तर कौतुक करा. कोणी त्याला फसविले तर लगेच भांडायला धावू नका; त्याने कोणाला फसविले असेल तर मात्र ते कार्ड त्याच्याच पायांनी परत पाठवा. शाळांनीही केवळ बंदीचा फलक लावण्यापेक्षा महिन्यातून एखादी दुपार देवघेवीला दिली, तर व्यवहार, गणित आणि नागरिकशास्त्र यांचे तीन तास एकदम होतील.

सिगारेटचा धूर विरून गेला. गम थुंकून टाकला गेला. तो माल विकणाऱ्यांपैकी पुष्कळांची नावेही आता लोपली आहेत. त्यांनी निव्वळ जाहिरात म्हणून पाकिटात टाकलेला कागद मात्र उरला, कारण मुलांनी त्यातून आपला स्वतःचा बाजार उभा केला. त्या बाजारात रुपये चालत नव्हते. गरज, आठवण आणि शब्द ही तीन नाणी चालत होती. ही नाणी ज्या मुलाने लहानपणी खेळविली, त्याला पुढे रुपयाचा व्यवहार सचोटीने करणे अवघड जात नाही. मुलांच्या हातातली देवघेव आपण राखली तर कार्डे कोणतीही असोत, शिकवण तीच राहील.